नेहेमाया वॉलिंग्टनच्या वह्या

इ. स. १६४२ पासून १६५१ पर्यंत इंग्लंडांत राजा व पार्लमेंट यांच्यामध्यें जी यादवी माजली, तिजवरील ग्रंथांस सुमार नाहीं. परंतु पेठेंतील सामान्य मनुष्यानें त्या काळांत काय भोगलें, हें त्याच्याच हातचें सांगणारे कागद फार थोडे. लंडनमधील ईस्टचीप येथील कातारी नेहेमाया वॉलिंग्टन (१५९८–१६५८) याचीं टिपणें त्यांत अग्रगण्य होत. १६५४ मध्यें त्यानें आपल्या वह्यांची यादी केली, ती पन्नासांची भरली. आज उपलब्ध आहेत त्या सात.

१८६९ सालीं दोन भागांत छापून निघाली ती यांपैकीं सार्वजनिक घडामोडींची वही. ही निवड आम्हांस उफराटी वाटते. कारण साक्षीचा कस लावूं गेल्यास हाच भाग सर्वांत हलका ठरतो. वॉलिंग्टन लढाईवर कधीं गेला नाहीं. रणांगणावरील हकीकती त्यानें बव्हंशीं छापील बातमीपत्रांवरून उतरल्या; आणि तशीं पत्रें व चोपडीं ग्रंथविक्रेता जॉर्ज टॉमसन यानें जमविलेल्या बावीस हजारांवर छापील कागदांच्या संग्रहांत आजहि वाचावयास मिळतात. नकलेची पुन्हा नक्कल करून संशोधनांत भर ती काय पडली?

उलट, हीं पत्रें विकत घेण्यांत आपला पैसा चोरांनीं नेल्यासारखा नकळत गेला, असें तो स्वतःच नोंदवितो. ही एक कबुली आमच्या मतें नेझबीच्या सबंध हकीकतीहून मोलाची आहे. धंदा बसला असतां एक कारागीर बातमीसाठीं पोटाला चिमटा घेत होता, हें तिजवरून कळतें. पत्नी ग्रेस हिचा भाऊ आयर्लंडांतील १६४१ च्या उठावांत मारला गेला. म्हणजे एजहिलची लढाई होण्यापूर्वींच रक्तपात या घराच्या उंबरठ्याशीं आला होता. मात्र घरांतील प्रत्येक मृत्यु युद्धाच्या खातीं मांडूं नये. एक मुलगी १६२५ च्या प्लेगांतच गेली होती. शिवाय लेखक कट्टर प्युरिटन. आग, रोग, पराभव या सर्वांत त्यास ईश्वरी कोप दिसतो. तेव्हां घडलें काय व त्यानें अर्थ काय लावला, हें वाचकानें पदोपदीं वेगळें केलें पाहिजे.

पॉल सीव्हर यांनीं १९८५ मध्यें सातहि वह्या एकत्र वाचून ग्रंथ लिहिला, तेव्हां कोठें हा कातारी माणूस म्हणून दिसूं लागला. २००७ मध्यें डेव्हिड बूय यांनीं निवडक उतारे काढले. निवड चांगली, तरी ती निवडच. मोहिमेचा कागद रेशमी रुमालांत आणि वाण्याचा हिशेब रद्दींत, ही संवय आमच्याकडील संग्राहकांसहि अपरिचित नाहीं. या वह्यांच्या बाबतींत आम्हांस एकहि ओळ न गाळलेलें समग्र मुद्रण हवें, व तें घरगुती वह्यांपासून आरंभलेलें हवें.