नुसेल्ट जुळला म्हणजे प्रवाह कळला का?

हीट ट्रान्सफरच्या पाठ्यपुस्तकात तापलेल्या भिंतीचा प्रश्न बहुतेक वेळा एका गुणकात मिटवलेला असतो. सीडर आणि टेट यांच्या १९३६ च्या पेपरमधला हा गुणक: मुख्य प्रवाहाच्या तापमानाची श्यानता, म्हणजे आपली व्हिस्कॉसिटी, भागिले भिंतीच्या तापमानाची श्यानता, आणि या गुणोत्तराचा ०.१४ घात. सूत्र सोपं आहे, आणि नळीतल्या द्रवात किती उष्णता गेली याचा अंदाज घ्यायला आजही चालतं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या भरवशावर आपण जे गृहीत धरतो त्याबद्दल.

आकडे घालून बघा. पाणी २० अंश सेल्सिअसला, भिंत ८० ला. श्यानता सुमारे १.०० वरून ०.३५ मिलिपास्कल-सेकंदावर येते. गुणोत्तर साधारण २.८. त्याचा ०.१४ घात घेतला की मिळतात १.१५ च्या आसपास. म्हणजे श्यानता जवळजवळ तिपटीने बदलली, पण नुसेल्ट संख्या हलली फक्त १५ टक्के. आता केज-क्रॉफर्डच्या पुस्तकात द्रव तापवताना लॅमिनार घर्षणासाठी दिलेला ०.५८ हा घात लावा. घर्षण गुणांक तब्बल ४५ टक्क्यांनी उतरतो!

असं का होतं? दोन समांतर पाट्यांमध्ये श्यानता सगळीकडे सारखी असेल, तर वेगाचा आलेख परवलय असतो आणि मधला वेग सरासरीच्या दीडपट. भिंत तापली की तिच्यालगतचं पाणी जास्त सहज वाहतं. एकूण प्रवाह तेवढाच ठेवला, तर मधला वेग कमी होतो आणि परवलय चपटं होतं. हवेची श्यानता मात्र तापल्यावर वाढते, त्यामुळे तिथे श्यानतेचा परिणाम उलटा. एकच भिंत तापवली तर सममितीच जाते. पाण्यात कमाल वेग गरम भिंतीकडे सरकतो. मग गुणकात कोणत्या भिंतीची श्यानता घालायची? सूत्र गप्प.

गुरुत्वाकर्षणालाही त्यात जागा नाही. खालची भिंत गरम असलेल्या आडव्या चॅनेलमध्ये रॅली संख्या १७०८ ओलांडली की प्रवाहाच्या दिशेने वेटोळी तयार होऊ शकतात. साधारण २५ अंशांचं पाणी, १ सेंमी उंची आणि भिंतींत फक्त ५ अंशांचा फरक घेतला, तरी ही संख्या ९० हजारांच्या वर जाते.

म्हणून, श्यानता स्थिर धरून ७.५४ ही नुसेल्ट संख्या जुळवायची आणि 'व्हॅलिडेशन झालं' असं लिहायचं, हे मला पटत नाही. त्यातून एवढंच सिद्ध होतं की तुमचा कोड न बदलणाऱ्या द्रवासाठी बरोबर आहे. तुमचा प्रश्न तर बदलणाऱ्या द्रवाचा आहे ना? मग दाबातली घट तपासा आणि वेगाचा आलेख काढून बघा. नुसेल्ट बऱ्याच चुका पोटात घालतो. दाब घालत नाही.