शांत पाण्याचा पुरावा

लाटांपासून वीज मिळवण्याच्या इतिहासातलं एक छायाचित्र मला फार आवडतं. एडिंबरा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत जेमी टेलर यांनी ते 1970च्या दशकात टिपलं. विषय म्हणाल तर रुक्षच: काचेच्या भिंतींची अरुंद टाकी, तिच्या रुंदीभर बसवलेलं एक ‘बदक’ आणि पाणी. हे बदक म्हणजे अभियंते स्टीफन सॉल्टर यांच्या लाट-ऊर्जा यंत्राचा छोटा नमुना. पुढून निमुळता, मागून गोल, आणि एका आसाभोवती मान डोलावणारा.

कॅमेऱ्याचं झाकण साधारण सेकंदभर उघडं ठेवलं होतं. तेवढ्यात लाट एकदा वर जाऊन खाली येते, त्यामुळे चित्रात लाट दिसतच नाही. दिसतो तो उजळ पट्टा, आणि त्याची जाडी म्हणजे लाटेची उंची. बदकाच्या पुढे पट्टा चांगला रुंद आहे, मागे जवळजवळ रेघ उरली आहे. लाटेतली ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. मागची लाट पुढचीच्या दहाव्या हिश्शाइतकी असेल, तर ऊर्जा शंभरावा हिस्साच उरली.

पाहणारा बहुधा या शांत रेघेवरच खूश होतो. पण टाकीत नुसती भिंत उभी केली, तरी मागचं पाणी असंच शांत राहील. भिंत ऊर्जा घेत नाही, परत पाठवते. म्हणून खरी दाद द्यायची ती पुढच्या बाजूला. परतलेली लाट येणाऱ्या लाटेत मिसळली की पट्टा ठिकठिकाणी फुगतो आणि ठिकठिकाणी आवळतो. इथे तसं फारसं होत नाही. पट्ट्याची जाडी बरीचशी एकसारखी राहते. म्हणजे लाट मागे गेली नाही आणि पुढूनही परतली नाही. मग ती गेली कुठे? बदकाच्या आसावर, काम करायला.

आता पाण्याच्या आत पाहा. पाण्याइतक्याच घनतेच्या द्रवाचे थेंब सोडून पाण्याची हालचाल दाखवली आहे. लाटेखालचं पाणी गोल फिरतं आणि खोल जावं तशी ही वर्तुळं झपाट्याने आक्रसतात. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर ती पृष्ठभागावरच्या वर्तुळांच्या जेमतेम चार-पाच टक्के उरतात. बदकाचं पोट याच हिशेबाने घडवलं आहे: वर जास्त सरकतं, खाली कमी. पाठ मात्र आसाभोवतीच्या वर्तुळाचाच भाग आहे. बदक कितीही डोललं तरी ती पाणी ढकलत नाही, त्यामुळे मागे नवी लाट उठत नाही.

या आकारामागचं तत्त्व नॉर्वेचे केल बुडाल आणि योहानेस फाल्नेस यांनी त्याच दशकात ठसवलं: लाट गिळायची तर यंत्राला स्वतः लाट निर्माण करता आली पाहिजे, आणि तीही परतणाऱ्या लाटेला बरोबर खोडून काढणारी. पुढे-मागे सारखाच असलेला, नुसता वर-खाली होणारा तरंगता ठोकळा दोन्हीकडे सारख्याच लाटा उठवतो. अशा अरुंद टाकीत त्याला फार तर निम्मी ऊर्जा मिळते. बदक फक्त पुढे लाट उठवतं, म्हणून ही मर्यादा ओलांडतं. चित्रातला समतोल हा असा दोन लाटांच्या वजाबाकीचा आहे. तो साधायला आसावरचा ब्रेकही नेमका लागतो. फार घट्ट झाला तर बदकाची भिंत होते, फार सैल झाला तर ते नुसतंच डोलतं.

सॉल्टर या वाटेला लागले ते 1973च्या तेलसंकटात. फ्लूने अंथरुणाला खिळले असताना, नुसतं पडून राहण्यापेक्षा ऊर्जेचा प्रश्न सोडवा, असं पत्नीने बजावल्याचं ते सांगत. 1974मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा लेख आला. पुढे टाकीतल्या एकसारख्या लाटांमधली सुमारे नव्वद टक्के ऊर्जा या आकाराने पकडून दाखवली.

‘टाकीतल्या एकसारख्या लाटा’ हीच या चित्राची मर्यादा. खऱ्या समुद्रात लाटा वेगवेगळ्या लांबीच्या आणि दिशांच्या येतात, आणि आस घट्ट धरून ठेवणारी चौकट तिथे नसते. लॉख नेस सरोवरात बदकांच्या लहान नमुन्यांची माळ तपासली गेली. पण 1982मध्ये ब्रिटिश सरकारने लाट-ऊर्जेच्या कार्यक्रमातून हात आखडता घेतला, खर्चाच्या अंदाजांवरून वाद झडले, आणि पूर्ण आकाराचं बदक समुद्रात कधीच उतरलं नाही.

तरी या छायाचित्राला अपयशी यंत्राची आठवण म्हणणं चूक ठरेल. आदळून परतलेली लाट शोषून घेणारे लाटनिर्माते सॉल्टर यांनीच चाचणी-टाक्यांसाठी घडवले. एडिंबऱ्यात 2014मध्ये सुरू झालेल्या ‘फ्लोवेव्ह’ या 25 मीटर व्यासाच्या गोल टाकीच्या कडेने असे 168 लाटनिर्माते आहेत. नव्या यंत्रांची परीक्षा अशाच टाक्यांत होते. नव्या यंत्राचं असं चित्र समोर आलं, तर मागच्या शांत पाण्यावर भाळू नका. आधी पुढचा पट्टा तपासा.