ठोका राहिला, फुंक गेली

जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही यात्रेची पत्रिका हातात घ्या. मांडव डहाळे, हारतुरे, बैलगाडा शर्यत, रात्री छबिना, मग तमाशा, दुसऱ्या दिवशी हजेरी आणि कुस्त्यांचा आखाडा. फडाचं नाव ठळक अक्षरांत, इनामांचे आकडे त्याहून ठळक. डहाळ्यांपुढे आणि छबिन्यापुढे तासन्‌तास वाजवणारा बँड कुठला, हे छापण्याची गरज सहसा कुणाला वाटत नाही.

तमाशाला निदान इतिहास तरी मिळाला. पाडव्याच्या आधी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींकडून सन्मान मिळाला. त्यांच्या नावाने राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. (एवढं होऊनही त्यांची अखेर हलाखीतच गेली, ते वेगळं.) बँडवाल्याच्या नशिबी पुरस्कारही नाही आणि चरित्रही नाही. भारतातल्या लग्नाच्या बँडचा मन लावून अभ्यास केला तो ऑकलंडच्या विद्यापीठातल्या ग्रेगरी बूथ यांनी. त्यांचं ‘ब्रास बाजा’ हे पुस्तक २००५ मध्ये आलं. घरच्या मांडवातलं वाजवणं ऐकायला इतक्या लांबून माणूस यावा लागला.

बँड आला इंग्रजांच्या पलटणींबरोबर. पुणे-नाशिक रस्त्याच्या एका टोकाला खडकी आणि पुण्याचा कॅम्प, दुसऱ्या टोकाला देवळालीची छावणी. मंचर, नारायणगाव, आळेफाटा मधल्या पट्ट्यात. बडोदा, कोल्हापूरसारख्या संस्थानांनी स्वतःचे बँड उभे केले. मेरठच्या जली कोठीत १८८५ मध्ये नादिर अली यांची पेढी निघाली, तिथे पुढे पितळी वाद्यं बनू लागली आणि ती पलटणीबाहेरच्या माणसाच्या हाती आली.

ती उचलली कुणी, हा खरा प्रश्न. आपल्याकडे मुख्यतः मातंग समाजातल्या वाजंत्री घराण्यांनी. सनई, सूर, हलगी, डफडं त्यांच्या घरात होतंच. पण गावकीचं वाजवणं म्हणजे हक्क थोडा आणि हुकूम फार. आंबेडकरी चळवळीत महार समाजाने गावकीतलं वाजवणं नाकारलं. मातंगांतल्या अनेकांनी वाजवणं सोडलं नाही, पण मला वाटतं, बँडमुळे त्याच्या अटी बदलल्या. अंगात झालरीचा लाल कोट, हातात मेरठचं ट्रम्पेट आणि आधी ठरवलेली रोख सुपारी. त्या कोटाला आपण हसतो. पायलीभर धान्यासाठी दारात वाजवत उभं राहण्यापेक्षा तो कोट घालण्यात किती मान होता, हे हसणाऱ्याला कळायचं नाही.

कलेच्या अंगाने पाहिलं तर या बँडचा जीव क्लॅरोनेटमध्ये. ट्रम्पेटला कळा तीनच. त्यावर मींड काढणं अवघड. क्लॅरोनेटच्या भोकावरचं बोट हळूच सरकवून सनईची मींड काढता येते, म्हणून बँडचा मास्तर बहुधा क्लॅरोनेटवालाच. तो चाल उचलतो, ट्रम्पेट ती वरच्या पट्टीत झेलतात, युफोनियम तीच खालच्या सप्तकात धरतो. पलटणीच्या बँडचे निरनिराळे स्वरमेळ इथे फारसे रुजले नाहीत. सगळे एकाच चालीमागे. हा उणेपणा म्हणता येईल, पण उघड्या माळावर वरातीच्या गोंगाटात ती चाल शेवटच्या माणसापर्यंत पोचायची ती त्यामुळेच. बहुतेकांना कागदावरचे स्वर वाचता येत नसत. रेडिओवर ऐकलेलं गाणं कानाने उतरवायचं, दोन रात्रींत बसवायचं. ‘नागिन’ची धून घ्या. १९५४ च्या त्या चित्रपटातली बीन मुळात पुंगी नव्हतीच. कल्याणजींचं क्लॅव्हायोलिन आणि रवींची पेटी यांतून ती निघाली. तोंडाच्या फुंकीतून न निघालेली ती धून बँडवाल्यांनी फुंकीवर घेतली आणि पुढे वरातीतल्या सगळ्या सापांना तीच पुरली.

आता बँड म्हणजे गाडी. टेम्पोवर स्पीकरची भिंत, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, माईकवर गाणारा; पुढे दोघे-तिघे ट्रम्पेट घेऊन, तेही पुष्कळदा शोभेला. डीजेने बँड मारला असं सर्रास म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. डीजेशी आवाजात बरोबरी करायला बँडने आधी कीबोर्ड घेतला, आणि कीबोर्डवर क्लॅरोनेटचा आवाज निघतो म्हटल्यावर क्लॅरोनेटवाल्याचा रोज वाचवला. त्यात २०२० चा लग्नसराईचा हंगाम टाळेबंदीत बुडाला.

मिरवणुकीत ढोल-ताशा पथकं आली, त्यांचा थाट मोठा. शिकलेली मुलं-मुली हौसेने वाजवतात, त्याचं कौतुकही होतं. त्याच रस्त्यावर पोटासाठी वाजवणाऱ्याचं होत नाही. संगीत म्हणून पाहिलं तर पथकात ठोकाच ठोका. बेंजो पार्टीत चाल असते, पण तारेची आणि स्पीकरमधून आलेली. पुण्यातल्या विसर्जनात प्रभात, दरबारसारखे बँड अजून दिसतात; तालुक्याच्या गावाला तेवढी पुण्याई नाही.

गंमत म्हणजे याच टापूत वाढलेल्या दोघांनी मराठी चित्रपटात फुंकवाद्यांचा केवढा डोंगर उभा केला. अजय-अतुल यांचं बालपण वडिलांच्या महसूल खात्यातल्या नोकरीमुळे राजगुरुनगर, जुन्नर, घोडेगाव, शिरूर अशा गावांत गेलं. सुरुवातीच्या काळात त्यांनी स्थानिक बँडमध्येही काम केलं. २०१६ च्या ‘सैराट’साठी वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसला झालं. त्यातलं ‘झिंगाट’ लगेच गावच्या वरातीत आलं, ते मात्र पेन ड्राइव्हमधून.

अनुदानाच्या योजनांवर माझा फार भरवसा नाही. यात्रा कमिट्या बैलगाडा शर्यतीच्या घाटाला जशा अटी घालतात, तशी एक सुपारी देताना बँडला घालू शकतील: छबिन्याला स्पीकरची गाडी बंद, आणि फुंकणारे निदान सहा, त्यात क्लॅरोनेट दोन. जुन्या मास्तरला त्या रात्रीचा रोज मिळेल, आणि दुसरं क्लॅरोनेट धरायला त्याला घरातलंच एखादं पोर तयार करावं लागेल.