पश्तोतला 'मी' आणि एक अपुरा तक्ता

परभाषा शिकवणाऱ्या पुस्तकांत पहिल्या काही पानांतच सर्वनामांचा तक्ता येतो. पश्तो भाषेची इंग्रजीतून लिहिलेली एक प्राथमिक पुस्तिका आमच्या पाहण्यात आली, तिच्यातही तो आहे. शीर्षक 'सब्जेक्ट प्रोनाउन्स', म्हणजे कर्त्याची सर्वनामे. 'ज़' म्हणजे मी ('जमीन'मधल्या 'ज'सारखा, पण निसटता उच्चार), 'त' म्हणजे तू, 'हघा' म्हणजे तो किंवा ती, 'मूंग' म्हणजे आम्ही, 'तासो' म्हणजे तुम्ही, 'हघूई' म्हणजे ते. पाठ करा आणि पुढे चला. आमचे क्षेत्र भाषाशास्त्र नव्हे. पण तक्ते वाचणे हा आमचा रोजचा उद्योग आहे, आणि या तक्त्याबद्दल आमची तक्रार आहे.

यातला एकही शब्द चुकीचा नाही. चुकीचे आहे ते शीर्षक. पश्तो ही अफगाणिस्तानात आणि पाकिस्तानच्या वायव्य भागात बोलली जाणारी, इराणी कुळातली भाषा. तिच्यात 'मी भाकरी खातो' हे 'ज़ डोडई ख्वरम' असे होते. इथवर तक्ता साथ देतो. आता 'मी भाकरी खाल्ली' म्हणायचे आहे. तक्ता पाठ केलेला विद्यार्थी पुन्हा 'ज़'पासून सुरुवात करतो आणि चुकतो. बरोबर वाक्य आहे 'मा डोडई वख्वडा'. 'ज़' नाहीसा झाला, 'मा' आला. कर्ता तोच, खाणाराही तोच, सर्वनाम मात्र वेगळे. शिवाय क्रियापद आता खाणाऱ्याकडे पाहतच नाही. डोडई स्त्रीलिंगी, म्हणून 'वख्वडा'. त्याच माणसाने कबाब खाल्ला तर 'मा कबाब वख्वोड', कारण कबाब पुल्लिंगी.

पुस्तिका हा प्रकार बऱ्याच पाठांनंतर 'अपवाद' म्हणून सांगते. सकर्मक क्रियापदाच्या प्रत्येक भूतकाळी वाक्यात जे घडते त्याला अपवाद म्हणायचे, हे आम्हांला पटत नाही. तक्त्यात न बसणारी निरीक्षणे वारंवार येऊ लागली की प्रयोगशाळेत आम्ही आधी रकान्यांची नावे तपासतो. 'सब्जेक्ट' हा रकाना इंग्रजीच्या मापाने शिवलेला आहे. इंग्रजीत खाणारा कोणत्याही काळात 'आय'च असतो.

मराठी वाचकाला तर यात काहीच नवल वाटू नये. 'मी आंबा खाल्ला', 'मी भाकरी खाल्ली' : क्रियापद आंब्याकडे आणि भाकरीकडे पाहते. आठवी-नववीच्या वर्गात याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो, गुणांपुरता शिकवतो आणि विसरतो. वर अनेकदा 'कर्मणी म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस' असेही सांगून टाकतो. ते बरोबर नाही. 'रामाने आंबा खाल्ला' यात रामाचे महत्त्व तसूभरही कमी झालेले नाही. पॅसिव्हच्या जवळचे वाक्य 'आंबा खाल्ला गेला' हे आहे. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय व्याकरणकारही अशा रचनांना बहुधा पॅसिव्हच समजत. आज भाषाशास्त्रज्ञ त्यांना एर्गेटिव्ह म्हणतात. नाव कोणतेही घ्या, पश्तोच्या भूतकाळाचे कुलूप उघडणारी किल्ली मराठी विद्यार्थ्याच्या खिशात आधीपासूनच आहे.

इथे कोणी म्हणेल, मराठीत 'मी' तर बदलत नाही. 'त्याने खाल्ली', 'तिने खाल्ली', पण 'मी खाल्ली'. खरे आहे, निदान पुस्तकी मराठीत. परंतु जुने विभक्तीचे तक्ते काढून पाहा. 'मी'च्या तृतीयेसमोर 'मी, म्या' अशी दोन रूपे दिलेली आढळतील. खेड्यापाड्यांतून आजही 'म्या भाकरी खाल्ली', 'म्या न्हाई केलं' असे ऐकू येते. आपण शिक्षक ते अशुद्ध म्हणून लाल शाईने खोडतो. ज्या मुलाच्या घरी 'मी जातो' पण 'म्या केलं' असे बोलतात, ते मूल पश्तोतल्या 'ज़' आणि 'मा'सारखाच भेद जन्मतः पाळत असते. तो प्रमाणभाषेने टाकून दिला आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत प्रमाणरूप लिहावे, याला आमची हरकत नाही. पण अशुद्ध कशाला म्हणतो आहोत, हे म्हणणाऱ्याला ठाऊक असावे.

कोकणीत हा भेद धडधडीत दिसतो : 'हांव आंबो खातां', पण 'हांवें आंबो खालो'. गुजरातीत 'हुं' आणि 'में'. यामागे एक जुनी गोष्ट आहे. संस्कृत 'अहम्' आणि अवेस्तातला 'अज़ॅम्' हे सख्खे भाऊ. 'अहम्'च्या वंशात कोकणी 'हांव' आणि गुजराती 'हुं', तर इराणी शाखेत पश्तो 'ज़'. मराठी 'मी' मात्र त्या घरातला नाही. तो 'मया'चा, म्हणजे 'माझ्याकडून' या अर्थाच्या रूपाचा वारस आहे. 'मया खादितम्' या वळणाच्या वाक्यात तो शोभत होता. पुढे तोच प्रथमेच्या गादीवर बसला आणि 'मी खातो' म्हणू लागला. पश्तोने दोन्ही घराणी नांदती ठेवली. अनेकवचनात मात्र तिनेही आवरते घेतले : 'मूंग' आणि 'तासो' दोन्ही काळांत तेच राहतात.

तक्त्याचा दुसरा दोष लपलेला आहे. ही सर्वनामे पश्तोत बऱ्याचदा बोललीच जात नाहीत. 'ख्वरम'मधला शेवटचा 'म' सांगतो की खाणारा मी आहे; मराठीतही 'जेवलास का?' याला 'जेवलो' एवढे उत्तर पुरते. पण भूतकाळी सकर्मक वाक्यात क्रियापद कर्माशी जुळते, मग खाणारा कोण हे कळावे कसे? त्यासाठी पश्तोत 'मे' हा एक छोटा, आघात नसलेला शब्द आहे : 'डोडई मे वख्वडा'. त्याची जागा ठरलेली, वाक्यातल्या पहिल्या आघातयुक्त घटकानंतर. डोडईचा उल्लेखही गाळला तर तो चक्क क्रियापद फोडून आत शिरतो : 'व मे ख्वडा', मी ती खाल्ली. आणि हाच 'मे' वर्तमानकाळात कर्माचे काम करतो. 'वीनी मे' म्हणजे 'तो मला पाहतो'. आता याला कोणत्या तक्त्यात घालणार? मराठीनेही हाच प्रश्न आपल्या परीने सोडवला आहे. 'तू भाकरी खाल्लीस' यात 'खाल्ली' भाकरीशी जुळते आणि शेवटचा 'स' 'तू'ची खूण ठेवतो.

तृतीय पुरुषाबद्दल थोडक्यात. 'हघा' डोळ्यांआडच्या व्यक्तीसाठी. समोर दिसणाऱ्यासाठी 'दै' (पुरुष) आणि 'दा' (स्त्री). इंग्रजी अर्थ देताना दोघांनाही 'ही' किंवा 'शी' म्हटले की हा भेद पुसला जातो. 'हघा'त लिंग दिसत नाही, पण क्रियापदात दिसते : 'हघा राघै', तो आला, 'हघा राघ्ला', ती आली.

सगळीच पुस्तके अशी नाहीत. हबीबुल्ला तेगे आणि बार्बरा रॉबसन यांचे 1996 सालचे संदर्भ-व्याकरण आघाताची सर्वनामे आणि 'मे'सारखी दुबळी सर्वनामे वेगवेगळी मांडते, आणि कोणते रूप कुठे येते हे वाक्यांतून दाखवते. मुंबई पायदळातील अधिकारी हेन्री रॅव्हर्टी यांनी तर 1855 मध्येच कलकत्त्याहून पश्तोचे इंग्रजी व्याकरण प्रसिद्ध केले होते. त्या काळच्या लष्करी अधिकाऱ्यांना हिंदुस्थानीही शिकावी लागे. त्यामुळे 'मैं' आणि 'मैंने' ही जोडी त्यांच्या कानांवरून गेलेली असे. आजच्या पुस्तिकेचा वाचक फक्त इंग्रजी जाणतो असे लेखकांनी गृहीत धरले आहे.

वर्गात हे करून पाहता येईल. फळ्यावर दोनच रकाने काढावेत, 'खातो' आणि 'खाल्ली'. पहिल्याखाली 'ज़', 'हांव', 'हुं' लिहावे, दुसऱ्याखाली 'मा', 'हांवें', 'में'. मराठीची ओळ रिकामी ठेवून मुलांना भरायला सांगावी. पुष्कळ जण दोन्हीकडे 'मी' लिहितील. मागच्या बाकावरचे कोणी दुसऱ्या रकान्यात 'म्या' लिहिले, तर ते खोडू नये.