पृष्ठदोषाची सूचना आणि विलंबाची सत्ता

सोलापुरातील यंत्रमागावर ताण्याचा धागा तुटला की माग थांबवावा लागतो. विणकर गाठ मारतो आणि विणकाम पुन्हा चालू होते. संगणकाच्या स्मृतिव्यवस्थेतही असाच प्रसंग पदोपदी उद्भवतो. प्रोग्रॅमने मागितलेले स्मृतीचे पान जागेवर नसले, म्हणजे पृष्ठदोष घडतो. प्रोग्रॅम तेथेच थबकतो, कर्नेल ते पान आणून ठेवते आणि काम पुढे सरकते. थांबलेल्याला आपण थांबलो होतो याची जाणीवही होत नाही. गाठ मारण्याचा हा अधिकार परंपरेने कर्नेलकडे राहिला आहे. तो प्रोग्रॅमच्या हाती दिल्यास काय घडते, हा प्रस्तुत समीक्षेचा विषय होय.

लिनक्स कर्नेलमध्ये हा अधिकार २०१५ साली, ४.३ या आवृत्तीत, युजरफॉल्ट-एफडी या नावाने आला. आंद्रेआ आर्कांजेली हे त्याचे मुख्य शिल्पकार. त्यामागील गरज खरी होती. चालू असलेला आभासी संगणक एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवताना त्याची सारी स्मृती आधी वाहून न्यावी, तर विलंब होतो. तो नव्या जागी आधी चालू करावा आणि पाने मागणीप्रमाणे आणावी, तर प्रत्येक अनुपस्थित पानाची वर्दी कोणाला तरी मिळाली पाहिजे. युजरफॉल्ट-एफडीमुळे ती वर्दी प्रोग्रॅमच्याच एका धाग्याला मिळते. तो पान भरतो आणि थबकलेल्याला जागे करतो. पुढे अँड्रॉइड १३ मध्ये टाकाऊ स्मृती गोळा करणाऱ्या यंत्रणेनेही याच सोयीचा आधार घेतला. तेव्हा ही सोय निरुपयोगी म्हणून काढून टाकावी, असे कोणी म्हणू शकणार नाही.

तथापि गाठ मारणे ज्याच्या हाती गेले, त्याच्या हाती माग किती वेळ बंद ठेवावा हेही गेले. थबकलेला प्रोग्रॅम स्वतःचाच असेल, तर त्यात इतर कोणाचे नुकसान नाही. परंतु प्रोग्रॅमने दिलेल्या पत्त्यावरून मजकूर उचलताना कर्नेल स्वतःही त्या पानाला स्पर्श करते. पान नसले, की कर्नेलचे ते काम अर्ध्यावर थांबते आणि किती काळ थांबावे हे एक सामान्य वापरकर्ता ठरवू लागतो. कर्नेलमध्ये एखादी चूक असेल, म्हणजे तपासणी आणि वापर यांच्या दरम्यान मुक्त केलेली स्मृती पुन्हा वापरली जात असेल, तर एरवी ती फट निमिषमात्र उघडी असते. तिचा लाभ घेणे हा जुगारच. विलंबाची सत्ता मिळताच जुगाराची निश्चिती होते, कारण फट हवी तेवढी उघडी ठेवता येते. म्हणून धोका दोषाच्या सूचनेत नसून विलंबात आहे. हा भेद ज्या उपायाने ओळखला तो योग्य, आणि ज्याने ओळखला नाही तो अपुरा, अशी कसोटी येथे लावावी लागेल.

पहिला उपाय २०१९ साली ५.२ या आवृत्तीत आला. प्रशासकाला एका कळीने ही सोय सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद करता येऊ लागली. मात्र कळ मुळात उघडीच ठेवलेली होती. कळ बंद असल्यास पीट्रेसचा विशेषाधिकार लागे. या विशेषाधिकाराने इतर प्रोग्रॅमांची स्मृती पाहता व बदलताही येते. म्हणजे एका कोठडीसाठी साऱ्या वाड्याची किल्ली द्यायची! १९७५ साली सॉल्टझर आणि श्रोडर यांनी मांडलेल्या अल्पतम अधिकाराच्या तत्त्वाशी ही योजना उघडच विसंगत होती.

दुसरा उपाय २०२१ सालच्या ५.११ या आवृत्तीतील. डॅनियल कोलासिओने आणि लोकेश गिद्रा यांच्या प्रयत्नांतून आलेल्या या योजनेत अधिकाराचे दोन भाग झाले. सामान्य वापरकर्त्याला केवळ स्वतःच्या अवस्थेतील दोष हाताळता येतात; कर्नेलने त्या पानाला स्पर्श केल्यास ते वाट पाहत न बसता त्रुटी कळवून मोकळे होते. मूळ कळही आता बंद झाली. वरील कसोटीस उतरणारा हा पहिला उपाय होय. त्याची किंमतही आहे: आभासी संगणकाच्या स्थलांतरात कर्नेलच्या अवस्थेतील दोष टाळता येत नाहीत, म्हणून तेथे ही अर्धी परवानगी पुरत नाही.

ती उणीव २०२२ सालच्या ६.१ या आवृत्तीने भरून काढली. पूर्ण अधिकार एका साधन-फाइलच्या रूपाने उपलब्ध झाला. फाइल ज्याला उघडता येते, त्याला अधिकार. त्यामुळे तो नेमक्या एका गटाला देता येतो आणि पीट्रेसची किल्ली हाती द्यावी लागत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो बिनतोड आहे. वापरकर्त्याने चालविलेल्या फ्यूज फाइल-व्यवस्थेतील फाइल स्मृतीत जोडली, तर तिच्या पानासाठीही कर्नेलला वापरकर्त्याच्याच प्रोग्रॅमची वाट पाहावी लागते. एक दार बंद झाले तरी दुसरे उघडे राहते. यावरून नियंत्रण व्यर्थ ठरत नाही, पण त्याची मर्यादा स्पष्ट होते: ते चुकीचा गैरफायदा महाग करते, चूक दुरुस्त करीत नाही. कर्नेलची फट बुजविण्याचे काम शिल्लकच राहते.

हा विचार केवळ मोठ्या उद्योगांपुरता नाही. सोलापूरच्या एखाद्या विभागात एकाच सर्व्हरवर सर्व विद्यार्थी काम करीत असतील, तर एकाच्या हातातील विलंब साऱ्यांच्या कामावर व माहितीवर बेतू शकतो. उलट सोय समूळ बंद केल्यास स्मृतिव्यवस्थापनाचा अभ्यासच खुंटतो. कळ बंद ठेवावी. प्रयोगासाठी मर्यादित परवानगी सर्वांना तशीही मिळते. पूर्ण अधिकाराची फाइल मात्र ज्यांच्या संशोधनाला ती खरोखर लागते, त्यांच्याच गटाला द्यावी. धागा जोडण्याचे शिक्षण सर्वांना मिळावे. दुसऱ्याचा माग अडवून धरण्याची मुभा मात्र सर्वांना नसावी.