बारच्या बिलावर चालणारे बँड

मुंबई-पुण्यातले तरुण बँड आज जितकं चांगलं वाजवतात, तितकं आधी कधी वाजवत नव्हते. त्यांची गाणी मात्र या वाजवण्याच्या तोडीची नाहीत. गेल्या शनिवार-रविवारी दोन्ही शहरांतल्या लहान जागांमध्ये जमतील तेवढे बँड ऐकले आणि हे मत पक्कं झालं. लहान जागा म्हणजे शे-दीडशे माणसं दाटीवाटीनं उभी राहतील एवढीच. कुठं रेस्टॉरंटचा वरचा मजला, कुठं तळघर, कुठं सरावाच्या स्टुडिओतली मोकळी केलेली खोली.

आधी वाजवण्याबद्दल, कारण तिथं मनापासून दाद द्यावी असं खूप आहे. लहान खोलीत ड्रमसेट माइक न लावताही शंभर डेसिबलच्या घरात जातो. गायकाच्या माइकमध्येही तोच आवाज शिरतो. मग गायक ऐकू येत नाही म्हणून त्याचा आवाज वाढवला की त्याच्याबरोबर ड्रमही वाढतात आणि सगळ्याचा नुसता गोंगाट होतो. पुण्यात एका पंचविशीतल्या ड्रमरनं साउंड चेकच्या वेळी काय केलं ते मी जवळून पाहिलं. त्यानं रुमालाची घडी करून ती टेपनं स्नेअरच्या कडेला चिकटवली. किक ड्रममध्ये उशी आधीच कोंबलेली होती. नेहमीच्या जाड काठ्या पिशवीत ठेवल्या आणि बारीक काड्यांची जुडी बांधलेले रॉड बाहेर काढले. दोन ठेके वाजवून तो उठला, खोलीच्या मागच्या भिंतीपाशी गेला, गिटारवाल्याला वाजवायला सांगून ऐकत उभा राहिला आणि परत येऊन एक सिंबल काढूनच ठेवली. कार्यक्रम सुरू झाल्यावर बेसचा एकेक स्वर मोकळा ऐकू येत होता, गायिकेला ओरडावं लागत नव्हतं. आपण किती वाजवू शकतो यापेक्षा या खोलीला किती सोसेल याचा विचार करणारा वादक मला फार मोठा वाटतो. ही समज मोठ्या मैदानावर येत नाही. ती याच खोल्यांमध्ये, आठवड्यामागून आठवडे वाजवून येते.

म्हणूनच जागांचा इतिहास महत्त्वाचा आहे. १९७२ मध्ये ब्रिटिश रॉक संगीतकार रॉबर्ट प्लांट आणि जिमी पेज मुंबईत आले तेव्हा कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या छोट्या डिस्कोथेकमध्ये वाजवून गेले. १९८६ मध्ये धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव सुरू झाला. पुढं नाव बदलून 'इंडस क्रीड' झालेला 'रॉक मशीन' हा बँड याच काळातला. पुढं रंगभवन शांतता क्षेत्रात धरलं गेलं आणि उघड्यावरचं ते व्यासपीठ गेलं. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ मध्ये 'ब्लूफ्रॉग' उघडलं, तिथं ध्वनियोजनेचा खरा विचार होता. २०१६ मध्ये तेही बंद झालं. पुण्यात २०१० मध्ये 'एनएच सेव्हन वीकेंडर' सुरू झालं आणि हजारो तरुणांना आपल्याच देशातले बँड ऐकायची सवय लागली. या महोत्सवाचं ऋण मोठं आहे. पण महोत्सव वर्षातून एकदा होतो. बँड तयार होतो तो एरवीच्या गुरुवारी, चाळीस माणसांसमोर.

आता गाण्यांकडे येतो. या दोन दिवसांत ऐकलेली बरीचशी गाणी एकाच घडणीची होती. लांबलचक सुरुवात, सात किंवा पाच मात्रांत अवघड वळणं घेणारा गिटारचा तुकडा, मग अचानक शांतता आणि त्यात तीन-चार ओळी. त्याच ओळी पुन्हा, जरा वरच्या पट्टीत. ओळी कसल्या, तर आकाश, वादळ, हरवणं, सापडणं. या मुलांनी तालाचा जितका अभ्यास केला आहे त्याच्या निम्मा जरी शब्दांवर केला असता तरी चित्र वेगळं दिसलं असतं. मुंबईतल्या एका बँडच्या गायकानं दोन गाण्यांच्या मध्ये आपल्या आजीबद्दल, तिच्या गावातल्या विहिरीबद्दल चार वाक्यं सांगितली. मराठीतच सांगितली आणि खोलीतली कुजबूज थांबली. पुढचं गाणं इंग्रजीत होतं आणि त्यात ना ती आजी होती ना ती विहीर. बोलताना जे त्याच्या तोंडी सहज आलं ते गाण्यात का येऊ नये? त्या संध्याकाळची सगळ्यांत चांगली ओळ त्यानं गायली नाही, ती माइकवर नुसती बोलून दाखवली, याची मला अजून हळहळ वाटते.

इंग्रजीत गाण्याला माझा आक्षेप नाही. ज्याला ती भाषा आतून येते त्यानं जरूर गावं, आणि तशी माणसं या शहरांत आहेत. पण मराठीत नवं लिहिलं जातंय ते बहुतेक रॅपमध्ये. 'स्वदेसी' या मुंबईच्या गटानं २०१९ मध्ये आरेच्या जंगलाच्या प्रश्नावर आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं. त्यात माणसं आहेत, जमीन आहे, राग आहे. अमरावतीचा रॅपर '१०० आरबीएच' ज्या जोमानं लिहितो तो गिटारवाल्या बँडांनी ऐकावा. दुसरीकडे 'अभंग रिपोस्ट'सारखा बँड संतांचे अभंग फंक आणि रेगेच्या अंगानं मांडतो आणि ऐकणारे त्यात रंगून जातात. मलाही तो आवडतो. पण तिथं शब्द शेकडो वर्षं लोकांच्या तोंडी घोळलेले आहेत, ते पडणार नाहीत याची खात्री आहे. आज लिहिलेल्या शब्दांवर उभं राहण्याची जोखीम अजून फार थोडे घेतात.

याचं कारण आळस नव्हे. बहुतेक जागा बारच्या बिलावर चालतात. किती माणसं आली यापेक्षा ती टेबलाला किती वेळ बसली आणि किती पेले मागवले यावर बँडला पुढची तारीख मिळते. ओळखीच्या गाण्यांवर लोक बसतात, अनोळखी शब्द ऐकायला लागले की बिल मागवतात. म्हणून महिन्यातले चांगले वार परदेशी बँडच्या नावानं होणाऱ्या 'ट्रिब्यूट नाइट'ला जातात आणि स्वतःची गाणी सोमवार-मंगळवारी ढकलली जातात. कार्यक्रम नऊ-दहाला सुरू होतो, त्यामुळे डोंबिवली-वसईला परतणारा श्रोता घड्याळाकडे पाहत ऐकतो. शिवाय महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि इतर दारूसाठी २५ वर्षं वयाची अट आहे, त्यामुळे अनेक जागा एकविशीच्या आतल्या मुलांना दारातच अडवतात. सतरा-अठरा वर्षांचा, नुकतीच गिटार हाती घेतलेला मुलगा, ज्यानं हे सगळ्यांत आधी ऐकायला हवं, तोच बाहेर राहतो. आणि जिथं शब्द ऐकायला कुणी बसलेलं नाही तिथं शब्दांवर मेहनत कोण घेणार?

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर एकदा सापडलेलं आहे. सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेत 'आविष्कार' या नाट्यसंस्थेनं एका साध्या सभागृहात प्रायोगिक नाटकं सुरू केली. तिथं ना मखमली पडदा होता ना खुर्च्यांचा थाट, पण लोक फक्त ऐकायला आणि पाहायला येत होते. त्या खोलीनं मराठी रंगभूमीची एक अख्खी पिढी घडवली. पुण्यात शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच हेच काम करत आलं आहे. बँडना हवी आहे ती अशी जागा. संध्याकाळी सहाला सुरू होऊन साडेआठला संपणारी, बार नसलेली, वयाची अट नसलेली. रात्री दहानंतरच्या ध्वनिक्षेपकाच्या नियमाचा तिथं प्रश्नच येत नाही. ड्रमचा त्रास शेजाऱ्यांना होईल ही शंका रास्त आहे, पण तो पुण्याचा ड्रमर रुमाल आणि रॉड घेऊन तयार आहे. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला २०१८ पासून जीएसटीतून सूट आहे. तीनशे रुपये तिकीट आणि शंभर श्रोते धरले तर तीस हजार होतात. त्यात खोलीचं भाडं, ध्वनियंत्रणा आणि पाच वादकांचा प्रवास कसाबसा भागतो. मोठी मिळकत नाही, पण गाण्यांवर बारचा दाब राहत नाही.

लहान नाट्यगृहं चालवणाऱ्यांना म्हणून विनंती आहे, महिन्यातली एक रविवार संध्याकाळ बँडसाठी ठेवा आणि अट एकच घाला, सगळी गाणी स्वतःची हवीत. वाचकांनीही तिकीट काढून जावं. कार्यक्रम संपल्यावर गिटार भरून ठेवणाऱ्या मुलाला गाठून, वाजवणं छान झालं एवढंच न म्हणता, तिसऱ्या गाण्याचे शब्द ऐकू आले नाहीत, ते काय होते, हे विचारावं.