एकटा शिकवणारा शिक्षक मागे पडलेला असतो का? लिटल यांचा १९९० चा पेपर वाचताना

शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करायला निघालेल्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: शिक्षकांनी एकमेकांशी सहकार्य केलं की त्यांचा व्यावसायिक विकास होतो. माझ्याही सिनॉप्सिसमध्ये होतं, अगदी पहिल्याच परिच्छेदात. कुणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घेण्यासारखं त्यात काही दिसतच नाही. सहकार्य वाईट कसं असेल?

आज ज्या पेपरबद्दल लिहितेय तो वाचला आणि ते वाक्य मला खोडावं लागलं. सोबत चार महिने खपून बनवलेली प्रश्नावलीही गेली.

पेपर जुडिथ वॉरन लिटल यांचा, ‘द पर्सिस्टन्स ऑफ प्रायव्हसी’, ‘टीचर्स कॉलेज रेकॉर्ड’मध्ये १९९० साली छापलेला. तो वाचण्याआधी एक गोष्ट माहीत असू द्या. याच लिटल यांचा १९८२ चा एक अभ्यास आहे, अमेरिकेतल्या सहा शाळांचा. ज्या शाळांचं बरं चाललं होतं तिथले शिक्षक शिकवण्याबद्दल एकमेकांशी नेमकं बोलतात, एकमेकांचे तास बघतात, मिळून तयारी करतात, असं त्यांना आढळलं. सहकार्याच्या बाजूने बोलणारे तो पेपर आजही उद्धृत करतात. आठ वर्षांनी त्याच बाई विचारतात की आपण ‘सहकार्य’ म्हणतो तेव्हा नेमकं कशाला म्हणतो? स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षाकडे संशयाने बघायला धाडस लागतं. लिटरेचर रिव्ह्यू करताना असे जोडपेपर शोधा, दोन्ही वाचा.

लिटल यांनी सहकार्याचे चार प्रकार पाडले आहेत. पहिला, किस्से सांगणं आणि त्यातून जमलं तर एखादी कल्पना उचलणं. स्टाफरूममध्ये चहाबरोबर चालतं ते. दुसरा, मागितली तर मदत. इथे त्यांचं निरीक्षण फार बारीक आहे: मदत मागणं म्हणजे ‘मला जमत नाही’ असं कबूल करणं, त्यामुळे लोक मागत नाहीत, आणि न मागता सल्ला देणं आगाऊपणा ठरतो, त्यामुळे जाणकार लोक देत नाहीत. तिसरा, देवाणघेवाण: नोट्स, वर्कशीट, प्रश्नपत्रिका, आणि आजच्या काळात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडणारे पीडीएफ. या तिन्हींत शिक्षक वर्गात गेला आणि दार लागलं की पहिल्यासारखाच एकटा असतो. चौथा प्रकार म्हणजे संयुक्त काम, ज्यात परिणामाची जबाबदारीच सामायिक असते आणि एकाचं दुसऱ्यावाचून अडतं. तो दुर्मिळ.

इथपर्यंतचा भाग सगळे उद्धृत करतात. पुढचा भाग गाळतात. लिटल म्हणतात की घट्ट एकत्र आलेला गट चांगलंच काही करेल याची खात्री नाही. एकत्र येऊन शिक्षक वाईट पद्धती पक्क्याही करू शकतात, ‘ही पोरं अशीच’ यावर एकमत करू शकतात. म्हणजे किती वेळा भेटतात यापेक्षा भेटून काय बोलतात, हे महत्त्वाचं.

आता माझी प्रश्नावली. ‘तुम्ही सहकाऱ्यांशी अध्यापनाबद्दल चर्चा करता’ : नेहमी, बहुधा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. अशी वीस विधानं. पायलटमध्ये विज्ञानाचे एक सर होते, त्यांचा स्कोअर जवळजवळ तळाला. मी त्यांचा तास बघायला बसले. मुलांनी लिंबू, साबण, चुना, खायचा सोडा यांच्याशी हळदीचा कागद ताडून तक्ता भरला होता, आणि एका गटाचा निकाल इतरांपेक्षा वेगळा आला तर सरांनी तो खोडायला न लावता सगळ्या वर्गाला पुन्हा करून बघायला लावला. (मी एम.एस्सी. केमिस्ट्री, आमच्या प्रॅक्टिकलला वेगळं रीडिंग आलं की शेजारच्याची जर्नल बघायची, हा नियम होता.) सहकार्याचा सर्वांत जास्त स्कोअर आला त्या शाळेत दर शनिवारी बैठक व्हायची. मी दोन बैठकांना बसले. दोन्ही वेळा विषय एकच, कुठली माहिती कुठल्या पोर्टलवर कधीपर्यंत भरायची.

माझ्या प्रश्नावलीच्या दृष्टीने ही शाळा प्रगत आणि ते सर मागास!

असल्या बैठकांना अँडी हारग्रीव्हज यांनी ओंटारिओच्या प्राथमिक शाळांच्या अभ्यासातून नाव दिलंय, ते मराठीत ‘लादलेलं सहकार्य’ असं म्हणता येईल. वरून ठरलेलं, सक्तीचं, ठरल्या वेळी ठरल्या जागी, आणि शक्यतो वरच्यांचा कार्यक्रम राबवण्यासाठी. केंद्राच्या शिक्षण परिषदेला बसलेल्या कुणालाही हे वर्णन ओळखीचं वाटेल. अपवाद असतात, मी पाहिलेत, पण ते केंद्रप्रमुखाच्या वकुबावर.

लिटल यांच्याशी माझं भांडण मात्र वेगळ्या जागी आहे. त्यांनी हे चारही प्रकार एकाच रेषेवर मांडलेत, एका टोकाला स्वातंत्र्य, दुसऱ्या टोकाला परस्परावलंबन. त्या स्वतः सावधपणे लिहितात, पण रेषा आली की वाचणारा तिची शिडी करतो आणि एकटा शिक्षक आपोआप खालच्या पायरीवर जातो. मायकेल ह्युबरमन यांनी १९९३ मध्ये शिक्षकाला स्वतंत्र कारागीर म्हटलं: हाताशी असेल ते वापरून, करून बघत, आपल्या वर्गापुरतं जुळवत जाणारा. माझे सर तसेच. त्यांना शून्य देणारी मोजपट्टीच चुकीची.

आणि एक उदाहरण तर या रेषेवर बसतच नाही. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत तो सुरू केला, १९७८ मध्ये तो जिल्हाभर गेला, पुढे ‘एकलव्य’ने चालवला आणि २००२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने बंद केला. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत प्रयोग आणि प्रश्न होते, उत्तरं मुलांनी काढायची. विचार करा, असं पुस्तक हातात घेऊन वर्गात उभा असलेला शिक्षक किती एकटा असेल! उत्तर पाठ्यपुस्तकात नाही, आणि कुठला निकाल येईल ते ठरलेलं नाही. हे त्याला पेलावं म्हणूनच मासिक बैठका होत्या. तिथे शिक्षक पुढचे प्रयोग स्वतः करून बघायचे, वर्गात अडलेलं मांडायचे, आणि त्यांच्या म्हणण्यावरून पुस्तकं बदलली जायची. इथे सहकार्य वाढलं म्हणून स्वातंत्र्य कमी झालं नाही, दोन्ही एकदमच वाढली. लिटल यांच्या रेषेवर ही खूण कुठे करणार?

आपल्याकडे द्विशिक्षकी शाळा हा आणखी एक पेच. दुसरे गुरुजी शेजारच्या खोलीत दोन इयत्ता सांभाळत असतात. संयुक्त काम कुणाशी करायचं, आणि कधी? यावर विषय शोधणाऱ्यांनी जरूर विचार करा. मला आता वेळ नाही.

मी प्रश्नावली टाकून मुलाखतींवर आलेय. दोन प्रश्न मुख्य: गेल्या काही महिन्यांत दुसऱ्या शिक्षकाचं ऐकून तुम्ही शिकवण्यात काय बदललं? आणि सगळे सांगत असूनही काय बदललं नाही? दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं लांबतात, अधूनमधून ‘हे लिहू नका’ येतं, आणि एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला अख्खा दिवस जातो. प्रश्नावलीला हा त्रास नव्हता, एसपीएसएसमध्ये टाकलं की अर्ध्या तासात टेबल तयार.